फ्रान्ससाठी राखलेली सायकल

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. तरी माझ्या साखळीची शपथ घेऊन सांगते, फ्रान्समधली लुआर नदी जिथे जिथे वळते, तिथे तिथे मी वळले आहे. तिच्या काठचा एकही राजवाडा असा नाही, ज्याच्या फाटकावरून मी गेले नाही. शंबोरच्या छतावरची धुराडी तर मी शेजाऱ्यांसारखी ओळखते.

मी एक जुनी रोड सायकल आहे. मुक्काम मेलबर्न, पॉइंट कुक, दोन गाड्यांच्या गॅरेजमधली डावी भिंत.

हसू नकोस रे तंबू. तू गेल्या आठवड्यात आलास. आणि तुम्ही दोघी कॅम्पिंगच्या खुर्च्या, तुमच्या अंगावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. तुमच्यासाठीच सांगतेय, मित्रांनो. कोपऱ्यातल्या लॉनमोअरला हे सगळं ठाऊक आहे. तो झोपलाय, झोपू द्या.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. कार्बनच्या कापडाचे थर एकावर एक चढवले, भट्टीत भाजले आणि माझा सांगाडा तयार झाला. मला उचलणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, "अरे, हिला काही वजनच नाही!" तेव्हा मला ते कौतुक वाटायचं. या घरात आल्यावर त्याचा दुसरा अर्थ कळला.

मला घेतलं विश्रामने. विश्राम पुण्याचा, कॉम्प्युटर इंजिनिअर, स्किल्ड व्हिसावर इकडे आलेला. त्याची बायको मेधा इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. पण मला घ्यायची कल्पना तिची. दाताच्या डॉक्टरकडे बसली असताना तिने मासिकात एक फोटो पाहिला होता. दोन्ही बाजूंना उंच झाडं, मधून शांत रस्ता, टोकाला पांढराशुभ्र राजवाडा आणि रस्त्यावर सायकलवरून चाललेली एकच बाई. घरी येऊन ती म्हणाली, "विश्राम, नुपूर युनिव्हर्सिटीत गेली की आपण इथे जायचं. बसमधून झेंड्यामागे पळत नाही हं. सायकलने."

विश्राम त्याच आठवड्यात मला घेऊन आला. "आधी एक घेऊ, सवय करू, मग दुसरी." दुसरी आलीच नाही, ते सोडा.

मी आले त्या दिवशी मेधाने ड्राइव्हवेवर मला हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूची माळ बांधली आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. नव्या गाडीला ठेवतात तसं. चाक लिंबावरून जायचं, लिंबू चिरडायचं, इडापिडा तिथेच टळायची. मी चाक रोखून तयार होते. विश्रामने काय केलं असेल? मला दोन हातांनी उचललं, लिंबावरून अलगद पलीकडे नेलं आणि ठेवलं.

"अरे, चिरडायचं असतं ते!" मेधा ओरडली.

"त्यात ॲसिड असतं मेधा. नव्या टायरला कशाला?"

त्यांची लेक नुपूर तेव्हा शाळेत होती. पायरीवर बसून म्हणाली, "डॅड, इट्स अ बाइक, नॉट अ बेबी."

मेधाने लिंबू उचललं आणि त्याचं सरबत केलं. मला त्याच वेळी धोक्याची घंटा ऐकू यायला हवी होती. आली नाही, कारण माझ्यावर घंटाच बसवलेली नव्हती.

मित्रांनो, या घराची एक रीत आहे. इथे चांगली वस्तू वापरायची नसते, राखायची असते. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आहे. कपाटात पाहुण्यांसाठीच्या बशा आहेत, आणि कुठलाही पाहुणा त्या बशांच्या लायकीचा निघालेला नाही. तशी मी फ्रान्ससाठी राखलेली. मेधा म्हणायची, "वेरिबीच्या मॅन्शनपर्यंत तरी जाऊ या ना. जुना वाडा आहे, बाग आहे, नदी आहे. फ्रान्सची रंगीत तालीम." तर विश्रामचं उत्तर ठरलेलं. त्या रस्त्यावर काचा असतात. ट्रेडींच्या यूट, म्हणजे सुतार-प्लंबरांचे छोटे ट्रक, अंगावर येतात. सप्टेंबरात मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतात. "आणि फ्रान्सला न्यायच्या आधीच फ्रेमवर ओरखडा आला तर?"

मग एका आरवोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, त्याने या भिंतीवर मोठा स्क्रीन लावला. माझं मागचं चाक एका लोखंडी रोलरवर चढवलं, पुढचं चाक प्लास्टिकच्या खोबणीत बसवलं. समोर टेबलफॅन ठेवला. तो वारा. आणि विश्राम पॅडल मारू लागला, तसा स्क्रीनवर फ्रान्स सुरू झाला!

तेव्हापासून मी धावतेच आहे. मागचं चाक जीव तोडून पळायचं आणि पुढचं जागच्या जागी. चढ आला की रोलर घट्ट व्हायचा, विश्राम धापा टाकायचा, त्याच्या नाकावरून घामाचे थेंब माझ्या हँडलवर पडायचे. पाऊस म्हणाल तर तेवढाच. पण काय काय पाहिलं मी! शेर नदीवर पूल टाकावा तसा उभा असलेला शनाँसोचा महाल. फोंतव्रोच्या मठात दगडाची होऊन पडलेली राणी, जी मेल्यावरही हातात पुस्तक धरून वाचते आहे. गव्हाच्या शेतांत लाल पॉपी, माणूस नसलेली गावं, चर्चच्या भिंतीपाशी पेंगणारी मांजरं. सगळं सपाट होतं, पण होतं.

मेधा सुरुवातीला चहाचा कप घेऊन दारात उभी राहायची. एकदा शंबोर लागलं होतं. आतला तो प्रसिद्ध जिना आला, एकमेकांभोवती फिरणारे दोन जिने. एक माणूस चढतो, दुसरा उतरतो, मधल्या खिडक्यांतून एकमेकांना दिसतात, पण वाटेत भेटत नाहीत.

"मला हा खरा बघायचाय," मेधा म्हणाली. "तू एकीकडून चढ, मी दुसरीकडून. वर कोण आधी पोचतं बघू."

"पुढच्या वर्षी नक्की," विश्राम धापा टाकत म्हणाला. नजर स्क्रीनवर.

"मागच्या वर्षीही हेच म्हणालास."

"मागच्या वर्षी आईचं ऑपरेशन होतं ना."

त्याचंही खोटं नव्हतं म्हणा. या घरात रजा म्हणजे पुणे. एका वर्षी आईचं ऑपरेशन, एका वर्षी पुतण्याची मुंज, एका वर्षी पुतण्याचंच लग्न. मुंजीतला मुलगा बोहल्यावर चढला, तरी मी रोलरवरून उतरले नाही. नुपूर युनीत गेली, युनीतून बाहेर पडली, सिडनीला नोकरीला लागली. फोनवर तिने विचारलं, "मॉम, डिड यू गाइज गो टू फ्रान्स येट?" मेधा म्हणाली, "डॅड रोज जातो गं. मी दार उघडून बघते."

हे ती हसून म्हणाली. पुढे पुढे चहाचा कप यायचा बंद झाला.

दर दसऱ्याला मात्र माझी पूजा व्हायची. गाड्यांबरोबर मलाही झेंडूची माळ आणि चाकाखाली लिंबू. गाड्या लिंबू चिरडून ऐटीत बाहेर पडायच्या. मी बघत बसायचे. जुनं वाळलेलं लिंबू पुढच्या दसऱ्याला मेधा काढायची, नवं ठेवायची. गेल्या दसऱ्याला ती खाली वाकली आणि तशीच थांबली. मला धरून उठली.

डॉक्टरने गुडघ्याचं सांगितलं ते त्यानंतर. झीज आहे, आणखी एखाद-दोन वर्षं चालेल, मग ऑपरेशन. मेधाने ते इथेच, गॅरेजमध्ये येऊन सांगितलं. विश्राम पॅडल मारत होता. तिने सरळ पंखा बंद केला.

"विश्राम, खाली उतर. हे गुडघे आहेत तोवर मला जायचंय. या जूनमध्ये."

तो उतरला. खरंच उतरला, मित्रांनो. घाम पुसून म्हणाला, "ओके. जून. प्रॉमिस." तिकिटं निघाली. रजा मंजूर झाली. माझ्यासाठी कडक कवचाची पेटी कुठली घ्यावी यावर तो आठवडाभर व्हिडिओ बघत बसला. मी रोलरवर उभ्या उभ्या नवरीसारखी सजून बसले होते.

मे महिन्यात त्याच्या ऑफिसातला कसला तरी प्रोजेक्ट लांबला. जून संपायच्या आत तो सुरू करायचाच होता.

"फक्त तीन महिने पुढे ढकलू. सप्टेंबरात तिकडे गर्दीही कमी असते."

मेधा भांडली नाही. तिने टूवूंबाला राहणाऱ्या चित्रलेखाला फोन लावला. चित्रलेखा तिची कॉलेजची मैत्रीण, तिकडे डॉक्टर आहे, शेतांमधल्या रस्त्यांवर सायकल मारत असते. हे बोलणं मी ऐकलं, कारण ते माझ्या सीटला टेकूनच झालं.

"चित्रा, येतेस? विश्रामचं तिकीट आहे, नाव बदलून मिळत नाही, नवं काढावं लागेल."

पलीकडून स्पीकरवर आवाज आला, "वेडी आहेस का, विचारतेस काय! बॅग भरते."

निघायच्या आदल्या दिवशी मेधा विश्रामला म्हणाली, "ही तरी नेते. सीट खाली केली की मला बसते."

विश्रामने माझ्या नळीवरून हात फिरवला. बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "विमानात कशी आपटतात माहितीय ना तुला? क्रॅक गेला तर संपलं. तिथे भाड्याने मिळतात मेधा, चांगल्या मिळतात. हिला आपण जाऊ तेव्हा नेऊ."

मेधा हळूच म्हणाली, "आपण?"

आणि आता, मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सोन्याचा भाग ऐका. खुर्च्यांनो, नीट उघडून बसा.

पहाटे विश्राम अंघोळीला गेला होता. गॅरेजचं दार उघडलं. मेधा आली, रोलरचा खटका दाबला आणि माझ्या कानात म्हणाली, "चल." बस्स, एवढंच. पेटी नाही, कवच नाही. तिच्या दोन जुन्या गोधड्यांत गुंडाळून मला नेलं. विमानात मला आपटलं, फेकलं, माझ्यावर कुणाचा तरी ड्रम ठेवला. मी चकार शब्द काढला नाही.

आणि मग फ्रान्स! मित्रांनो, स्क्रीनवर वास नव्हता. खऱ्या फ्रान्सला शेणाचा वास येतो, ओल्या गवताचा येतो, बेकरीच्या मागच्या दाराचा येतो. रस्ता गुळगुळीत नाही, तो अंगातून बोलतो. पहिल्याच दिवशी काटा घुसला, पंक्चर झालं. मेधा रस्त्याकडेला बसून हसत सुटली, चित्रलेखा ट्यूब शोधत शिव्या घालत होती. चिखल माझ्या दातेरी चकत्यांत गेला. एका दगडी पुलाला मी घासले आणि इथून इथपर्यंत ओरखडा उठला. काय सांगू तुम्हाला, अंगावर दागिना चढावा तसा वाटला! मेधा उतारावर ब्रेक सोडून द्यायची आणि मोठ्याने गायची. गुडघा दुखला की माझ्या दांडीला टेकून उभी राहायची आणि मला म्हणायची, "बाई गं, तुला आधीच आणायला हवं होतं."

शंबोरला ती जिना एकटीच चढली. वर जाऊन खिडकीतून खाली बघत राहिली. दुसऱ्या जिन्याने कुणी येत नव्हतं. मी अंगणात उभी होते. तेवढ्यापुरती मीच तिचं माणूस होते.

म्हणून तुम्हाला हात जोडून एक मागणं आहे. वस्तूंची काळजी घ्या असं सगळे सांगतात. मी सांगते, इतकी काळजी घेऊ नका. आम्हाला चिखलात न्या, पडू द्या, खरचटू द्या. तंबू, तुला विश्रामने ती गेल्यावर लगेच आणलं, माहितीय? "मेधा आली की ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात कॅम्पिंगला जाऊ" म्हणाला. आणि तुम्हाला झाकायला वर एक चादर घातली. फाडा ते प्लास्टिक. आजच फाडा. नाहीतर माझ्यासारखं तुम्हालाही...

म्हणजे माझ्यासारखं नव्हे. मी जाऊन आले. माझे ओरखडे बघा, चाकांतला चिखल बघा...

"कुठला चिखल गं बाई?"

लॉनमोअर जागा होता. पात्याला सुकलेलं गवत चिकटलेलं, एक चाक वाकडं, दर शनिवारी बाहेर जाऊन येणारा तो म्हातारा.

"परवा मेधाने शंबोरवरून व्हिडिओ कॉल केला, तेव्हा विश्राम तुझ्यावरच बसून पॅडल मारत होता. तिच्या हातात भाड्याची पिवळी सायकल होती. आपण दोघांनीही बघितली. मेट, या पोरांना फसवायचं तर फसव. पण आधी खाली बघ. गेल्या दसऱ्याचं लिंबू अजून तुझ्या पुढच्या चाकाखाली अख्खं आहे."