मासीच्या वाटेवरचा चार्जर

रिस्तीननं गाडीचं दार उघडून श्वास घेतला आणि तिच्या नाकातले केस ताठ झाले. बाहेर उणे एकेचाळीस होतं. पठारावर चिटपाखरू दिसत नव्हतं. बर्चच्या बुटक्या झाडांची काटकीन् काटकी पांढऱ्या लोकरीत गुंडाळल्यासारखी दिसत होती, आणि शांतता एवढी की आपल्याच उच्छ्वासाची वाफ गोठताना होणारी बारीक करकर तिला ऐकू आली. जन्म याच मुलखात गेला होता, तरी असल्या थंडीसमोर ती दर वेळी देवळात शिरल्यासारखी गप्प व्हायची.

मागच्या सीटवर रेनडिअरच्या कातड्यांत तिचा बाप मिक्कल बसला होता. घरात सगळे त्याला आह्ची म्हणत, म्हणजे बाबा. नाताळच्या आधीपासून तो हामरफेस्टच्या इस्पितळात होता, हृदयाच्या दुखण्यानं. खोलीच्या खिडकीतून समोरची भिंत तेवढी दिसायची. आज डॉक्टरांनी सोडलं, आणि म्हातारा घराच्या ओढीनं एवढा उतावीळ झाला की वाटेतल्या आल्टा शहरात चार्जरवरची रांग पाहून त्यानं चल चल लावलं. फोनवर पुढचा चार्जर हिरवा दिसत होता. रिस्तीन निघाली. थंडीनं बॅटरी अर्धी खाऊन टाकली, आणि आता काट्यावर नऊ टक्के उरले होते.

बंद पडलेल्या खानावळीच्या अंगणात दोन चार्जर उभे होते. एकाचा पडदा पार काळाठिक्कर, बंद. दुसऱ्याला पोस्टाची पिवळी व्हॅन जोडलेली, आणि शेजारी ओड्वार पोस्टमन पाय आपटत होता.

"चालतोय का?" रिस्तीननं विचारलं.

"चालत होता. थेंब थेंब देत होता, आजारी माणसाला चमच्यानं सूप पाजावं तसा. आत्ताच डोळे मिटले त्यानं."

केबल लाकडासारखी कडक झाली होती. दोघांनी मिळून ती व्हॅनमधून उपसली आणि रिस्तीनच्या गाडीत खुपसली. पडदा उजळला, काहीतरी लाल लिहून आलं, पुन्हा अंधार. पुन्हा लावली, पुन्हा तेच.

आह्चीनं काच बोटभर खाली केली. "माझा गाडी ओढणारा रेनडिअर होता ना, त्याला शेपटीत कधी दोरी खुपसावी लागली नाही."

"आह्ची, काच वर कर. आहे ती ऊब जातेय."

"त्याला माझे हातमोजे घालून बघ."

तिनं खरंच बापाचे केसाळ हातमोजे चढवून केबलचं तोंड छातीशी धरून ठेवलं. काही उपयोग झाला नाही. तेव्हा चार्जरवरच्या नंबराला फोन लावला. दूर दक्षिणेकडून इंगुन नावाच्या बाईचा आवाज आला. तिच्याकडे पाऊस भुरभुरत होता म्हणे. तिनं तिथूनच चार्जर बंद करून चालू केला. एकदा, दोनदा. तो ढिम्म.

"माणूस उद्या येऊ शकेल आल्टाहून," ती अवघडून म्हणाली.

"उद्या?" आह्ची आतून ओरडला. "तिला सांग, उद्यापर्यंत आम्ही सुकटीचं मांस होऊ. येताना मीठ आण म्हणावं."

व्हॅनमध्ये बॅटरी जरा बरी होती, म्हणून ओड्वारनं दोघांना तिकडे घेतलं. पार्सलांची खोकी सरकवून तिघं दाटीवाटीनं बसले. रिस्तीननं बापाचा हात चाचपला. बोटं थंडगार लागली. तिनं ती आपल्या काखेत दाबून धरली.

तेवढ्यात इंगुनचाच फोन आला. तिनं कुणा जाणत्याला विचारलं होतं. चार्जरच्या पोटात एक छोटी शेगडी असते. आतलं सगळं उबदार झाल्याशिवाय तो वीज सोडतच नाही. "आपण दर वेळी बंद-चालू केला ना, तेव्हा ते काम पहिल्यापासून सुरू झालं. आता हात लावू नका. नुसते थांबा."

"रेनडिअरचा कळप राखताना आम्ही दुसरं काय करतो?" आह्ची पुटपुटला.

थांबले. आणि दक्षिणेकडच्या टेकडीची कडा आधी गुलाबी, मग तांबडी, मग बघवेना अशी झाली. सूर्य वर आला. टेकडीला चिकटूनच, पण अख्खा. हवेत तरंगणारी बर्फाची भुकटी एकदम पेटली, आणि सूर्याच्या डाव्या-उजव्या अंगाला आणखी एकेक सूर्य उमटला. तीन सूर्य, मधून फिकट इंद्रधनुषी कमान. सारं पठार सोन्याच्या धुरात उभं राहिलं.

ओड्वारनं टोपी काढली. हिवाळ्यात इथं सूर्य आठवडेच्या आठवडे उगवतच नाही; नोव्हेंबरनंतर आह्चीला तो दिसला नव्हता. पुन्हा दिसेल याची खात्रीही नव्हती. गालावरून ओघळलेलं पाणी त्यानं पुसलं नाही.

तेव्हाच बाहेर काहीतरी घुमलं. लांबून कळप यावा तसा खोल आवाज. चार्जरचा पडदा हिरवा झाला होता.

रिस्तीन धावली. आपल्या गाडीचा आकडा तिनं पाहिला: नऊ, नऊ, दहा. मागं वळली तर बाप ओड्वारच्या खांद्यावर हात टाकून खाली उतरलेला. त्यानं उघडा तळवा केबलवर ठेवला.

"कुठून येते गं ही वीज?"

"नदीवरून असेल. आपल्याच."

आह्चीनं तळवा तिथून हलवला नाही. त्या नदीवर धरण नको म्हणून तो तरुणपणी असल्याच थंडीत साखळीनं स्वतःला बांधून बसला होता. पोलिसांनी साखळी तोडून त्याला उचलून नेलं होतं. रिस्तीन तेव्हा नऊ वर्षांची होती. घरात त्या धरणाचं नाव आजही कुणी काढत नसे.

"अजून राग आहे माझा," शेवटी तो म्हणाला. केबलमधली थरथर त्याच्या तळव्याला लागत होती. "पण बघ तरी. एवढ्या गारठ्यात, एवढ्या लांबून आली."

आधी त्यांची गाडी भरू दे, असं ओड्वारनंच ठरवलं. "पत्रांना हृदय नसतं," तो म्हणाला. संध्याकाळी मासी गाव मागं टाकून ते कौतोकेइनोला, घरी पोचले. भावजयीनं चुलीवर रेनडिअरचा रस्सा ठेवला होता. आह्ची दोन वाट्या जेवला.

रिस्तीननं आठवणीनं इंगुनला फोन केला, पोचलो म्हणून. तीन सूर्यांचंही सांगितलं.

"कसं दिसतं ते?" इंगुननं विचारलं.

रिस्तीननं बापाकडे पाहिलं. पलीकडे पाऊस पडत होता, तो ऐकू येत राहिला.

"ये म्हणावं बघायला," आह्ची रस्सा भुरकत म्हणाला. "फक्त आल्टाला गाडी भरून घे म्हणावं."