परखीनं पाडलेली भोकं

परखीच्या टोकाला चिकटलेला निळा थेंब अजून मऊ होता. वैजयंतीनं तो नखानं ओढला तर त्याची तार निघाली, लांबत गेली, तुटली... आणि ओट्यावर एक निळा केस पडून राहिला. तिनं परखी पुन्हा गॅसवर धरली. एका टबाची एक बाजू बाकी होती. जळक्या प्लॅस्टिकचा वास घरभर झाला होता, खाली दुकानात मामंजींना तो गेलाच असणार – ऐंशी वर्षांच्या चन्नप्पांना पोत्यातली भिजकी तूर रस्त्यावरून वासानं कळते, हा वास कसा सुटेल? विचारतील. विचारू देत.

परखी दुकानातलीच. लोखंडी, पोकळ, टोकदार. पोत्यात खुपसली की तिच्या पन्हळीतून मूठभर धान्य तळहातावर येतं आणि आत काय माल आहे ते पोतं न उघडता कळतं. घरात बारीक सळई होती, पेचकस होता. पण मानवतच्या भुसारवाल्याच्या घरात बावीस वर्षं काढलेल्या बाईचा हात, भोक पाडायचं म्हटल्यावर, दुसरीकडं कुठं जाणार?

आणि भोकं कुणासाठी, तर उंदरांसाठी. धान्याच्या दुकानाच्या डोक्यावर, माडीवरच्या खोलीत, पोपटाच्या जुन्या पिंजऱ्यात दोन उंदरिणी आणि त्यांतल्या एकीची आठ पिल्लं. काळ्या डोक्याची, पांढऱ्या अंगाची. तिची मुलगी त्रिवेणी दोन महिन्यांपूर्वी पुण्याची नोकरी सोडून आली ती एक बॅग आणि या दोघींना घेऊन. का सोडली, ते तिनं सांगितलं नाही. पिल्लं मागून झाली. आता ती पाच आठवड्यांची, नर-माद्या वेगळ्या करायला हव्यात, म्हणून दोन टब. मामंजी एवढंच म्हणाले होते, "वर ठिवा. पर एक जरी खाली उतरला तर मला बोलायचं न्हाई." खाली गोदामाच्या चारी कोपऱ्यांत उंदीर मारायच्या औषधाच्या वड्या असतात, आणि त्या दर पंधरा दिवसांनी बदलते कोण, तर वैजयंतीच.

पण आज सकाळी त्रिवेणी वडिलांबरोबर परभणीला डॉक्टरकडं निघाली होती, आणि गाडीत बसता बसता थांबली. "आई, टब तू आणशील? मोठे आण. पळता आलं पाहिजे त्यांना. आणि झाकणाला बारीक जाळी लाव." दोन महिन्यांत पोरीनं आपणहून मागितलेली ही पहिली गोष्ट. वैजयंती धुरळा बसेपर्यंत दारात उभी होती. मग चहासुद्धा न घेता बसस्टँडकडं निघाली.

तिथल्या प्लॅस्टिकच्या दुकानात तिनं टब असे निवडले की दुकानदार राम बघतच राहिला. वितीनं लांबी मोजली, पाच विती. तळ दाबून पाहिला. कडेवरून आतून बोट फिरवलं – कंगोरा नको, दाताला धार सापडता कामा नये, उंदीर नेहमी कडेपासून सुरुवात करतो... उंदराचं सगळं शास्त्र तिला येत होतं, पण ते शत्रूचं शास्त्र. आज तेच उलटं करून वापरायचं होतं आणि तिला मनातून हसू येत होतं.

"कशाला पायजेत, वहिनी? एवढे मोठे?"

"धान्याला."

"मग काळजीच न्हाई. उंदराचा बाप शिरायचा न्हाई ह्येच्यात." त्यानं टबावर थाप मारली. "जाळी देऊ का? बारीक हाय, लय मजबूत."

"न्हाई. घरी हाय."

घरी जाळी नव्हती. रिक्षात दोन टब मांडीवर घेऊन बसल्यावर तिला कळलं की आपण खोटं बोललो, तेही दोनदा. काय झालं असतं सांगितलं असतं तर? माझ्या मुलीचे उंदीर आहेत, त्यांच्यासाठी हवेत – एवढंच तर होतं. राम हसला असता. संध्याकाळी अडतीत सगळे हसले असते, चन्नप्पांची सून उंदीर पाळायलीय म्हणून. हसू दे की. पण रिक्षा मागं वळवायला तिनं सांगितलं नाही. हवेसाठी भोकं पाडू, भोकांनी भागेल.

शेवटचं भोक पडलं. दोन्ही टब तिनं माडीवर नेले. तळाशी कागदाचे तुकडे, जुन्या लुगड्याच्या चिंध्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मामंजींच्या विटक्या धोतराची पट्टी फाडून तिनं समोरासमोरच्या भोकांतून ओवली आणि झोळी बांधली. आठही पिल्लं त्याच टबात सोडली. ती आधी कोपऱ्यात गोळा झाली, नंतर एकानं पळून पाहिलं, नंतर सगळीच पळाली, आणि एक झोळीत चढून हेलकावे घेत बसलं. वैजयंती हसली, एकटीच, मोठ्यानं. त्रिवेणीला हे दाखवायचं. ती बघेल, आणि मग कदाचित बोलेल...

बोलेल. पुन्हा तेच. सुरुवातीला किती विचारलं तिला – कुणी काही म्हणालं का, कुणी आहे का, पगार अडवला का – रोज एक प्रश्न, जेवताना, केस विंचरताना. आणि एकदा पोरगी आंघोळीला गेली असताना तिचा फोन उघडला. कुलुपाचा आकडा वैजयंतीच्याच जन्मतारखेचा निघाला. आत काहीही नव्हतं. नुसते गजर लावलेले. साडेसातला 'ऊठ'. आठला 'आंघोळ'. अकराला 'पाणी पी'. तेवढ्यात दारात ओल्या केसांनी त्रिवेणी. तिनं फोन घेतला, आणि त्या दिवसापासून तिचं बोलणं 'जेवले', 'झोपते', एवढंच.

पोत्यातून परखी काढली की तिच्याच टोकानं तागाचे धागे दोनदा खरवडायचे, भोक बुजतं, पोतं पुन्हा अखंड. हे तिला लग्नानंतर आठ दिवसांत जमलं होतं. सगळीकडं ते चालत नाही, हे मात्र बावीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.

खुडबूड झाली. सगळ्यांत लहान पिल्लानं – शेपटीला वाक असलेल्या – एका भोकात नाक घातलं होतं. मग डोकं. मग अंग लांबट झालं, आणि ते सुळकन बाहेर, फरशीवर. थबकलं. जिन्याकडं निघालं. जिना सरळ गोदामात उतरतो.

वैजयंती उभी होती.

पिल्लू पहिल्या पायरीच्या काठाशी पोचलं तेव्हा तिचा हात गेला आणि ते मुठीत आलं. डाव्या हातात. रोज सकाळी पूजेला ज्या तळहातावर ती इष्टलिंग घेते, त्याच तळहातावर ते ऊबदार, भेदरलेलं, जवळजवळ वजन नसलेलं काहीतरी धडधडत होतं. बाकीची निसटू नयेत म्हणून तिनं टबाच्या एका बाजूला पिंजरा आडवा लोटला, दुसऱ्या बाजूची भोकं पदरानं झाकली आणि तिथंच खाली बसली.

ती उभी का होती? किती वेळ? पिल्लाला काठापर्यंत जाऊ देण्याइतका तर नक्कीच. आणि तेवढ्या वेळात एक विचार सरळ चालून आला होता – जाऊ दे, सगळीच जाऊ देत, दोन दिवसांत निकाल लागेल, माझा काही दोष नाही, टब तर मी आणलेच. पोरगी मग खाली येईल. माणसांत येईल.

आणि भोकं? अंगठा जातो तिथून उंदीर जातो, हे गोदामाच्या भिंती लिंपून घेताना गड्यांना दरसाल कोण बजावतं? मीच. हाताच्या सवयीनं परखी उचलली हे खरं. पण बावीस भोकं पाडेपर्यंत एकदाही लक्षात आलं नाही, हे खरं का? तिनं स्वतःला पुन्हा विचारलं, पुन्हा. उत्तर होय असं येईना, नाही असंही येईना. तिला आपल्याच घरात बसवेना, उठवेना.

खाली गाडी थांबली. जिन्यावर पावलं. त्रिवेणी दारात आली, तिनं झोळी पाहिली आणि तिचा चेहरा क्षणभर सैल झाला. मग तिनं आईचा पदर बाजूला केला. एका भोकात अंगठा घालून पाहिला, मग दुसऱ्या.

"जाळी?"

"न्हाई आणली."

"आई, तुला तर माहिती असतं हे." आवाजात राग नव्हता, त्यामुळं जास्त लागलं. "मग एवढी मोठी भोकं का पाडलीस?"

चुकून, म्हणायला तोंड उघडलं आणि तो शब्द तिला पुरेना. मुद्दाम, हाही पुरेना. त्रिवेणी वाट बघत होती, शांतपणे, अगदी तशीच जशी वैजयंती दोन महिने तिच्यासमोर बसत आली होती – सांग की, आईला सांगायला काय हरकत आहे. काही हरकत नव्हती. फक्त त्या 'का'ला आत काही सापडत नव्हतं, आणि तरीही ते खोटं नव्हतं. असंही असतं तर. हिचंही असंच...

"मला सांगता येत न्हाई गं," ती म्हणाली.

त्रिवेणी तिच्या शेजारी येऊन बसली. वैजयंतीनं मूठ थोडी सैल केली, उघडली नाही. बोटांच्या फटीतून मिशा बाहेर आल्या आणि तिच्या अंगठ्याचा वास घेऊ लागल्या.