शर्टाची वरची गुंडी

मित्रांनो, मी एक जुना वेटसूट आहे. मला सध्या एकच पाय आहे. दुसरा कुठे गेला ते ओघाने येईलच. थंड पाण्यात बुडी मारणाऱ्याने अंगभर चढवायचा रबरी पोशाख म्हणजे मी. माझ्या रबरात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे आहेत. अंगाची ऊब अंगाशीच ठेवणे हे त्यांचे काम. नवा होतो तेव्हा मी चांगला सात मिलिमीटर जाड होतो आणि त्याचा मला थोडा तोराही होता.

माझे मालक पाणबुडे होते. गावाला पाणी पुरवणाऱ्या तळ्याच्या तळाशी एक मोठा नळ आहे. त्याच्या तोंडावरच्या जाळीत अडकलेला पाला आणि शेवाळ काढायचे काम त्यांच्याकडे होते. भर उन्हाळ्यातही तिथले पाणी हाडे गोठवणारे. दुकानात त्यांना आधी एक ऐसपैस सूट आवडला होता. दुकानदार बाईंनी त्यांना उकिडवे बसवले, हात वर करायला लावले आणि कमरेमागे सुटलेले रबर चिमटीत धरले. "इथं आत्ता हवा मावतेय, तिथं खाली गार पाणी मावेल," त्या म्हणाल्या. मग माझी पाळी आली. मला चढवताना मालकांचा पाव तास गेला, चेहरा लालबुंद झाला आणि मला दोन शिव्याही मिळाल्या. बाईंनी शांतपणे सांगितले, हाच घ्या.

आम्ही वीस वर्षे एकत्र काम केले. मालकांचे दोन नेम होते. पाण्यात उतरण्याआधी घरून डब्यात आणलेले ऊन पाणी ते गळ्यातून माझ्यात ओतत, म्हणजे तळ्याच्या गार पाण्याला आत जागा उरत नसे. डब्याला टॉवेल गुंडाळलेला असे, पण तळ्यावर पोहोचेपर्यंत पाणी कोमट होऊन जाई. दुसरा नेम वर आल्यावरचा. मला कमरेपर्यंत उतरवून ते शर्ट घालत आणि वरची गुंडी स्वतःच्या बोटांनी लावत. गुंडी लागली तर पुन्हा बुडी. बोटे ऐकेनाशी झाली तर त्या दिवशी काम बंद, मग जाळी अर्धी राहिली तरी चालेल.

खोल पाण्याच्या दाबाने माझ्यातले बुडबुडे हळूहळू चेपत गेले. मी पातळ होत गेलो. पण त्याच काळात मालकांचे पोट सुटत गेले, त्यामुळे दोघांचे बरे जमून गेले. त्यांना वाटे, ऊब माझी आहे. प्रत्यक्षात निम्मी त्यांची स्वतःचीच होती.

पुढे कानाच्या दुखण्यामुळे त्यांची बुडी बंद झाली आणि काम त्यांच्या लेकीकडे आले. ती अंगाने काडी. तिने दुकानात एक नवा सूट पाहून ठेवला होता. मालकांना ते पटले नाही. "घरात सूट असताना नवा कशाला? मला वीस वर्षांत कधी थंडी वाजली नाही," असे ते म्हणाले. वडिलांचे मन मोडायला नको म्हणून तिने मलाच अंगावर चढवले. मला बोलता येत असते तर मीच नको म्हणालो असतो.

पहिल्याच बुडीत तळाचे पाणी गळ्यातून सरळ आत, माझ्या पाठीतल्या मोकळ्या जागेत शिरले. तिला हुडहुडी भरली. तरी ती जाळी साफ करत राहिली, कारण तिच्या कमरेला बांधलेला दोर धरून वडील काठावर उभे होते. थोड्या वेळाने तिची थरथर थांबली. ते चांगले लक्षण नव्हते. मी तिच्या अंगावर होतो आणि माझा काही उपयोग नव्हता, याचे मला फार वाईट वाटले. वरून दोराला दोन हिसके आले. तिने उलट हिसका द्यायला उशीर केला, तसे मालकांनी तिला वर ओढून घेतले.

तिने शर्ट घातला. गुंडी बोटांतून निसटली. पुन्हा निसटली. "होतंय, बाबा, होतंय," ती म्हणाली, पण शब्द जड येत होते. मालकांनी तिला घोंगडीत गुंडाळले आणि मला चिमटीत धरून पाहिले. त्यांची दोन बोटे जवळजवळ एकमेकांना टेकली.

"याच्यात काही उरलेलं नाही," ते म्हणाले. "आणि मी तुला याच्या भरवशावर खाली सोडलं."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः तिला दुकानात घेऊन गेले. घरी आल्यावर ती हसत सांगत होती. नवा सूट चढवताना तिचाही पाव तास गेला, फार आवळतो म्हणून तिने कुरकुर केली आणि बाबांनी तिच्या कमरेमागे चिमटी घालून पाहिली. सुटे रबर हाती लागले नाही. मग ते म्हणाले, "हव्या तेवढ्या शिव्या दे त्याला, पण हाच घे."

त्या आठवड्यात मालकांनी कात्रीने माझा डावा पाय कापला आणि शिवून ऊन पाण्याच्या डब्यावर चढवला. आता बाकीचा मी खुंटीवर असतो आणि पाय कामावर जातो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. सूट गोड्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, घडी न घालता टांगून ठेवा. पण आपले माणूस तिच्या हवाली करण्याआधी ती एकदा चिमटीत धरून पाहा. वस्तूला राग येत नाही.

काल मालकांनी डब्याचे झाकण उघडले तेव्हा वाफ आली. लेकीने ते पाणी गळ्यातून ओतून घेतले आणि ती खाली गेली. वर आल्यावर तिने पहिल्याच प्रयत्नात गुंडी लावली. मालकांनी ती लागलेली पाहिली, आणि मगच हातातला दोर खाली ठेवला.