मागच्या दाराची कडी

वैजूनं फोनवर सांगितलं होतं, "आई, घर बघितलंय. लाईनीच्या अगदी कडंला हाय."

आणि मुक्ताबाई काय म्हणाल्या? "बरं झालं बाबा. मग लाईन जात नसंल."

आता शिंगणापुरात जन्म काढलेल्या बाईला लाईन म्हणजे वीज. लाईन आली, मोटार सुरू करा. लाईन गेली, बसा अंधारात. नगरला लाईन म्हणजे रूळ, हे तिला कोण सांगणार? टेम्पोतून सामान उतरवत असताना घरामागून धडधडत मालगाडी गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या, तेव्हा कुठं बाईंच्या डोक्यात उजेड पडला.

तसं घराला नावं ठेवायला जागा नव्हती. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, नळाला रोज पाणी. वैजनाथ एमआयडीसीत कामाला, सून निकिता एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत. लग्नाला सहा वर्षं झाली, तिसरी भाड्याची खोली चालू होती, आणि हक्काचं म्हणावं असं हे पहिलंच घर त्यांच्या आवाक्यात आलं होतं. का आलं होतं, ते उघड होतं. मागचं दार उघडलं की एक पायरी, दहा पावलांची मोकळी जागा, एक कोरडा चर, आणि चराच्या वर खडी आणि रूळ. मध्ये कधीकाळी भिंत होती म्हणे. आता नुसता तिचा पाया दिसत होता.

घरमालक लालमहंमदभाई रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त. संगमनेरला लेकीकडं राहायला जायचं म्हणून घर विकत होते. माणूस सरळ, पण त्यांचा एक हट्ट होता. "आठ दिवस राहा, मग बोला," ते म्हणाले. "रुळाच्या कडंचं घर नुसतं बघून घ्यायचं नसतं. आठ दिवस भरले की मला हो सांगा नायतर नाय सांगा." म्हणून वैजूनं जुनी खोली न सोडताच इथं बिऱ्हाड मांडलं होतं, आणि आज रविवारी आठ दिवस भरत होते. चार वाजता लालमहंमदभाई यायचे होते.

आणि सगळ्यांनी उत्तर टाकलं होतं मुक्ताबाईंच्या गळ्यात! का, तर दिवसभर घरात त्याच. सव्वादोन वर्षांच्या सृष्टीला सांभाळायचं म्हणून तर त्यांना गावाहून आणलं होतं. "आई, तू हो म्हण, आमचं काय, आमी दिवसभर भाईरच," वैजू सकाळपासून तीनदा म्हणाला होता. पोरगा नुसता हरखून गेला होता. कपाट कुठं ठेवायचं हेसुद्धा त्यानं खडूनं भिंतीवर आखून ठेवलं होतं. बाई आपल्या मान डोलवत होत्या, आणि आतून जीव नुसता टांगणीला लागला होता.

कारण परवा, शुक्रवारी, जे झालं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ते सांगण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. मुक्ताबाईंचं माहेर शिंगणापूरचं आणि सासरही तिथलंच. गावात शनिदेव राखणीला, म्हणून घराला चौकट असते, दार नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून एखादी फळी आडवी लावायची, की झालं. छप्पन वर्षांत या बाईनं दार लावलं नव्हतं. पाहुणी म्हणून कुठं गेलीच, तर दारं लावणारी माणसं दुसरी असायची. कडी घालायला डोकं लागत नाही हो, हाताला सवय लागते. चपला काढाव्यात तशी लोकं कडी घालतात, न बघता. मुक्ताबाईंचा हात दार ढकलायचा आणि माघारी यायचा. झालं, लागलं दार!

निकितानं पहिल्या दिवशीच बजावलं होतं. सासूला ती आत्या म्हणायची. "आत्या, मागच्या दाराला कडी. इसरायचं न्हाई हां." "न्हाई गं बाई, इसरंन कशी," म्हणाल्या होत्या. आणि पाच दिवस विसरल्याही नाहीत. दर खेपेला स्वतःलाच दटावत, कडी, कडी, करत त्या घालत होत्या.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला त्या मागं धुणं वाळत घालून आल्या. दार ढकललं. तव्यावर भाकरी टाकली. सृष्टी घरातच त्यांच्या पाठीशी वाट्या आपटत बसली होती, तिचा एकसारखा टणटणाट चालू होता. भाकरी फुगली, उलटली, दुसरी थापायला घेतली, आणि बाईंना एकाएकी जाणवलं की टणटणाट थांबलाय.

वळून बघतात तर वाट्या जागेवर, पोरगी नाही. दार हातभर उघडं.

त्या कशा धावल्या ते त्यांचं त्यांनाही आठवत नाही. चर ओलांडून, खडी चढून पोरगी वर पोचली होती. उन्हात रुळापाशी वाकून तिनं दोन्ही तळवे रुळावर टेकले होते, आणि आजीला बघून खदाखदा हसत म्हणाली, "आज्जी, गुदगुल्या!"

रूळ थरथरत होता. गाडीचा आवाज मात्र कुठंच नव्हता, म्हणजे यांच्या कानांना तरी नव्हता. आता विजेची इंजिनं. पहिल्यासारखी मैलावरून बोंबलत येत नाहीत. बाईंनी पोरीला बखोटीला धरून खाली ओढलं, दोघी चरात कोसळल्या, आणि वरून मालगाडी गेली. एक डबा, दुसरा डबा, संपेचना मेली. बाई पोरीवर पालथ्या पडून नुसतं देवा, देवा करत होत्या. पोरीच्या अंगावर ओरखडा नव्हता. बाईंचं कोपर सोलून निघालं होतं. घरात आल्या तेव्हा तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला होता.

संध्याकाळी निकितानं विचारलं, "कोपराला काय झालं, आत्या?"

"न्हाणीत घसरले."

बिचारीनं कापूस आणला, मलम लावलं, वर म्हणाली, "जपत जा की हो. तुमाला काय झालं तर आमी काय करायचं?" मुक्ताबाईंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

भीती कसली होती, तीही सांगते. सांगितलं, तर घर गेलं. ते एक वेळ सोसलं असतं. पण सांगितलं, की पोरगीही जाणार. कोण ठेवील लेकरू असल्या म्हातारीपाशी? पाळणाघरात घालतील, आणि आपल्याला शिंगणापूरच्या एसटीत बसवतील. धनी जाऊन दोन वर्षं झाली होती. तिकडं दार नसलेल्या घरातून वारा आरपार जायचा आणि बोलायला कुणी नसायचं. सृष्टीची 'आज्जी, आज्जी' कानावर पडायला लागली तेव्हापासून बाईंना दोन घास गोड लागत होते. ते सोडून परत जायचं? आणि न सांगावं, तर? तर हे घर, हे दार, हाच आपला हात, रोज. दोन रात्री बाईंनी डोळा लावला नव्हता.

चारला पाच मिनिटं असतानाच लालमहंमदभाई आले. माणूस गाडीच्या टायमाचा! निकितानं चहा ठेवला. सृष्टी आईच्या मांडीवर पेंगत होती. वैजूनं तर पेढे आधीच आणून फळीवर लपवले होते.

"बोला ताई," लालमहंमदभाई मुक्ताबाईंकडंच वळले. "आठ दिवस घरात तुमी काढले. तुमचं काय म्हणणं हाय?"

"घर चांगलं हाय," त्या म्हणाल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली बघत म्हणाल्या, "पर... परवा मागलं दार माझ्याच्यानं उघडं राह्यलं. कडी घालायची इसरले. पोरगी भाईर गेल्ती."

निकिताच्या हातातली कपबशी थांबली. "कुठपर्यंत?"

एवढाच प्रश्न. बाईंनी मान वर केली. सुनेचा चेहरा बघितला, लेकाचा बघितला.

"पायरीपर्यंत."

"हात्तिच्या!" वैजूनं केवढा मोठा श्वास सोडला. "घाबरवलंस की आई! पायरीपर्यंत तर ती रोज जाती माझ्यासंगं. वर, तिच्या हाताला येणार न्हाई अशी दुसरी कडी मारू. काय चाचा?"

"स्प्रिंग बसवून देतो की," लालमहंमदभाई म्हणाले. "दार आपोआप लागंल."

बघा, किती सोपं झालं! कुणी रागावलं नाही, कुणी काही बोललं नाही. वैजू स्प्रिंग कुठं बसवायची ते बोटानं दाखवायला लागला. निकितासुद्धा जराशी सैल झाली, सासूकडं बघून हसली. "आत्या, एवढं मनात ठेवून बसलात व्हय? मग, ठरलं म्हणायचं का?"

त्या हसण्यानं घात केला. ती चिडली असती, तर बाईंना खोटं रेटता आलं असतं.

"पायरीवर न्हवती," मुक्ताबाई म्हणाल्या.

बाईंनी कोपरावरचा पदर बाजूला केला.

"रुळाला हात लावून हुबी हुती. गाडी येत हुती. मी वढली तिला खाली. हे कोपर... हे न्हाणीत न्हाई झालं, चरात पडून झालं. लई जवळून गेली गं गाडी, निकिता. मला सांगायचं धाडसच झालं न्हाई." आणि मग बाईंना रडू आवरेना.

वैजू उठला तसा खाली बसला. निकिता पांढरीफटक पडली. तिनं झोपेतल्या पोरीचे दोन्ही तळहात उघडून बघितले, मग पायाचे तळवे बघितले, आणि तिला छातीशी धरून नुसती डुलत राहिली. कितीतरी वेळ.

"स्प्रिंग बसवलीच की मग..." वैजूचा आवाज बसला होता. "न्हायतर असं करू, आई काही दिवस गावाकडं, आन् पोरीला पाळणाघरात..." मुक्ताबाईंनी मान खाली घातली. आलीच शेवटी ती वेळ.

"चाचा," निकिता म्हणाली, "घर नको आमाला."

"अगं पण..."

"नको म्हणजे नको. आत्यांच्या हाताला कडी ठाऊक न्हाई. लागंल सवय, म्हैन्या-दोन म्हैन्यांत लागंल. पण तेवढे दिवस मी दुसऱ्याच्या हातात सुई खुपसताना ध्यान कुठं ठेवू? स्प्रिंगवर?"

लालमहंमदभाईंनी वाद घातला नाही. दुसरं एक गिऱ्हाईक आहे, त्यांच्यात लहान लेकरू नाही, एवढं सांगून ते उठले. जाताना मुक्ताबाईंपाशी क्षणभर थांबले, आणि मान हलवून गेले. वैजूही पाठोपाठ बाहेर पडला. आईकडं त्यानं बघितलं नाही. भिंतीवर खडूनं आखलेला कपाटाचा चौकोन तेवढा राहिला.

"माझी पिशवी भरते," मुक्ताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "सातची एसटी गावंल."

"कशाला?"

"आता मी हितं ऱ्हाऊन काय..."

"आत्या, माझे आईबाप दरवर्षी पाथर्डीहून ऊसतोडीला जायचे. मला कुणाकुणाच्या भरवशावर टाकायचे. एकदा मी उसाच्या ट्रॅक्टरखाली जाता जाता वाचले, आन् मला सांभाळणाऱ्या बाईनं ते कुणालाच सांगितलं न्हाई. पुढं वरीसभर मी तिच्यापाशीच." निकिताचा आवाज कापत होता, रागही होता त्यात, लपवत नव्हती ती. "तुमी खोटं बोललात. दोनदा. पर घर हातातनं जातंय हे दिसत असूनबी शेवटी सांगितलंत. पाळणाघरवाली मला सांगंल का?"

मुक्ताबाईंना वाटलं होतं, पोर आता कायमची आपल्यापासून उचलून नेतील. निकितानं तिला उचललं खरं. झोपलेली तशीच आणून सासूच्या मांडीवर ठेवली आणि ती सामान बांधायला आत गेली.

दोन दिवस ज्या बाईला, पोरगी आपल्यापाशी ठेवणार नाहीत, या भीतीनं घेरलं होतं, तिला आता ती ठेवली याचीच भीती वाटायला लागली. तिनं पोरीला असं काही आवळून धरलं, की सृष्टी जागी होऊन रडायला लागली, तरी तिला हात सैल करवेनात.