निळा कोपरा

सहामाहीच्या प्रात्यक्षिकात तीन परीक्षानळ्या समोर होत्या. त्यांतलं साधं पाणी कुठलं, ते ओळखायचं होतं. अल्कलीत निळा होणारा लाल लिटमस कागद ईश्वरीनं अजून कशातही बुडवला नव्हता, तरी बोटांत धरलेला त्याचा कोपरा निळा झाला होता.

तिनं तो मुठीत दडवला.

अमरावतीच्या या मुलींच्या शाळेत नववीला सोळा वर्षांवरची मुलगी घेत नसत. ती सतराची होती. फाळणीत सिंध सुटला, मग पाच वर्षं या छावणीतून त्या छावणीत गेली. मुख्याध्यापिका कौशल्याबाईंनी तिला सहामाहीपर्यंत ठेवून घेतलं होतं. एकाही विषयात नापास व्हायचं नाही आणि पोटापाण्याचं काम करायचं नाही, या अटींवर.

आज पहाटेही तिनं आईबरोबर विकायच्या पापडांचं पीठ मळलं होतं. हात घाईत विसळले होते. पापडखार म्हणजे अल्कलीच; नखांच्या कडेला राहिलेला तो कोरडा होता तोवर ठीक होतं. आता भीतीनं तळहात घामेजले आणि तो ओला झाला. सगळेच कागद निळे होणार होते.

"काकू, काय लपवून राहिल्या?" शेजारच्या इंदूनं विचारलं. वर्गातल्या चौदा वर्षांच्या मुली तिला काकूच म्हणत. "पोराबाळाईले खाऊ हाये का?"

मागच्या दोघी फिसकन हसल्या. परीक्षा घेणाऱ्या कौशल्याबाई वळल्या.

"बाई, हात धुऊन येऊ?" ईश्वरी म्हणाली.

"परीक्षेत? कशाला?"

शाई सांडली म्हणता आलं असतं. पण बाई बोटांकडंच बघत होत्या.

"पापडखार आहे, बाई."

"घरचे पापड?"

"विकायचे."

"रोज?"

"रोज."

कुणी हसलं नाही. बाईंनी तिच्या मुठीतला कागद घेऊन उजेडात धरला. "नळावर जा. माती लावून धू."

बोटं बुळबुळीत होती. कातडी झोंबेपर्यंत तिनं ती घासली. ओढणीला पुसणार, तेवढ्यात आठवलं, पहाटे हीच कमरेला बांधून पीठ मळलं होतं. ओले हात अंगापासून लांब धरून ती परतली.

तिच्या जागेवर नवे कागद होते.

"आधी हे पुरं कर," कौशल्याबाई म्हणाल्या. "उद्या वडिलांना घेऊन ये."

शाळेतून नाव काढणार का, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. तिनं हात वाळू दिले, कागद अगदी टोकाला धरला. कोपरा लालच होता. पहिल्या नळीकडं नेताना तळहात पुन्हा घामेजू लागले.