इंजिनावरची शिवण

तिने कप्पीची साखळी हात बदलत खेचली, आणि एकतीस वर्षं एका जागी बसून राहिलेलं इंजीन गाडीच्या नाकातून वर आलं. आधी कुरकुरलं, मग एका बाजूला कललं, मग मुकाट्याने सरळ झालं. फिकट निळ्या रंगाच्या त्या दोन सीटांच्या गाडीचं तोंड एकदम चार बोटं वर उचललं गेलं.

“बघायचंय का, बाबा?” तिने मागे न वळता विचारलं.

“त्यात काय बघायचं? जीव काढलास तिचा.”

वडील शेडच्या दारात पाठ करून उभे होते. दोन महिने त्यांचं हेच पालुपद चाललं होतं. दुसरी कुठलीही गाडी विजेवर कर, पण हिच्या इंजिनाला हात लावू नकोस. तिने ऐकून घेतलं होतं आणि काम पुढे नेलं होतं. बापाचा जीव जुन्या यंत्रांत अडकलाय, दुसरं काय, असं ती समजून चालली होती.

बाजारात त्यांना कानसेन म्हणत. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर आणि मूठ कानाला लावली, की आत कुठे काय दुखतंय ते अचूक सांगत. त्यांनी एकदा सांगितल्यावर दुसरं मत घ्यायला कुणी जात नसे. त्यांची मुलगी पंप आणि पंखे दुरुस्त करता करता जुन्या गाड्यांत विजेच्या मोटारी बसवायला लागली, तेव्हा त्याच बाजाराने तिला चिडवायला वायरवाली हे नाव ठेवलं. तिने ते पाटीवरच रंगवून घेतलं. चिडवणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली.

गाडी दातांच्या डॉक्टर असलेल्या एका बाईंची होती. खरं तर त्यांच्या थोरल्या भावाची. तो घाटातल्या शर्यतींत ती पळवायचा. एका शर्यतीत शेवटच्या वळणाआधी इंजीन जाम झालं, आणि त्या दिवसापासून गाडी ताडपत्रीखाली गेली. भाऊ पुन्हा कधी शर्यतीला उतरला नाही. दोन वर्षांपूर्वी तो वारला, आणि गाडी बहिणीकडे आली.

“मला ती चालवायची आहे, पुजायची नाही,” डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. “दात वाचत नसेल तर काढावा आणि दुसरा बसवावा. त्यात रडायचं काय?”

वायरवालीला बाई तिथेच पटल्या. एकच गोष्ट डॉक्टरांनी वर मागितली होती: काढलेलं इंजीन घासूनपुसून द्यावं. दवाखान्यात, भावाच्या फोटोखाली ते ठेवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ब्रश आणि रॉकेल घेऊन इंजिनापाशी बसली. वरची काजळी निघाली, खालचा काळा रंग सुटत गेला. धुराच्या नळीमागे, गाडीत बसलेलं असताना कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, तिचा ब्रश अडखळला. तिने कापडाने जागा पुसली. ओतीव लोखंडाला वीतभर लांबीचा तडा होता, आणि त्या तड्यावर एकाला एक लागून पिना ठोकलेल्या होत्या. दाट, नेटकी शिवण. प्रत्येक पिनेच्या डोक्यावर कानशीचे ओरखडे उजवीकडे उतरत गेलेले. डावखुऱ्या माणसाच्या हाताचे. हे काम तिला ज्यांनी शिकवलं, त्या बाबांच्या हाताचे.

शिवण जिथे संपत होती, तिथून तडा आणखी दोन बोटं पुढे गेला होता.

तिने ब्रश खाली ठेवला. शर्यतीच्या दिवशी ती तेरा वर्षांची होती, घाटमाथ्यावर टायरांच्या चळतीवर बसलेली. बंद पडलेली गाडी दोराने ओढत वर आणली, लोक जमले, आणि सगळ्यांनी कानसेनांकडे पाहिलं. कानसेनांनी बॉनेट उघडलं, क्षणभर आत बघितलं आणि मिटलं. “हाताळणी चुकली,” ते म्हणाले. “गाडी प्रमाणाबाहेर ताणली.” चालवणारा तिथेच उभा होता. तो आपल्या हातांकडे बघत राहिला. कानसेन सांगतात म्हणजे तसंच असणार.

संध्याकाळपर्यंत तिने कुणाला काही सांगितलं नाही. मग इंजीन स्टँडवर फिरवून शिवणीची बाजू खिडकीकडे आणली, समोर वडिलांचं स्टूल ठेवलं, आणि गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन पेट्रोलची टाकी सोडवायला लागली.

ते आले. स्टूल करकरलं.

“वर रंग मारून देता आलं असतं,” ते म्हणाले.

“आलं असतं.”

“बाईंना सांगणार?”

“मी कशाला सांगू? गाडी माझ्याकडे आली आहे. टाके तुमचे आहेत.”

ते उठून गेले. दोन दिवस घरात जेवणापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती शेडवर आली, तर ते तिच्या आधी येऊन बॅटऱ्यांच्या पेट्यांकडे कमरेवर हात ठेवून बघत होते.

“एवढं सगळं मागे टाकणार आहेस?”

“टाकीच्या जागी. का?”

“वळणावर नाक हलकं पडेल हिचं. ही गाडी पुढून रस्ता धरते. इंजिनाचं वजन होतं तेवढंच पुढे ठेव, किलोभरही कमी नको.”

तिने हिशेब पुन्हा केला. म्हाताऱ्याचं बरोबर होतं. दोन पेट्या तिने पुढे, मोटारीच्या डोक्यावर घेतल्या. मोटार आणि जुना गिअरबॉक्स यांच्यामधली जाड तबकडी मात्र तिने स्वतःच्या मापानेच कापली. त्यांनी तीनदा केसाएवढी चूक काढून दाखवायचा प्रयत्न केला, तिन्ही वेळा गेज तिच्या बाजूने बोललं. “बरं,” ते म्हणाले. कानसेनांच्या तोंडून ‘बरं’ ऐकायला बाजारातली माणसं पूर्वी महिनोन्महिने थांबत.

सहा आठवड्यांनी गाडी तयार झाली. चाकं जॅकवर अधांतरी ठेवून तिने पहिल्यांदा करंट सोडला, तेव्हा ती अशी गुळगुळीत फिरली की तिने आपल्याच पाठीवर थाप मारून घेतली. मग डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर दवाखान्यातून तशाच आल्या, चष्मा कपाळावर. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी दाराला हात घातला.

“बाई, बसू नका,” कानसेन म्हणाले. “आधी इकडे या.”

त्यांनी इंजिनावरचं कापड काढलं.

“त्या वेळी इंजिनाचा नवा ब्लॉक यायला तीन आठवडे लागायचे,” त्यांनी सुरुवात केली. “शर्यत चार दिवसांवर होती. तुमच्या भावाचा उत्साह तर असा...” ते थांबले. मग बाकीचं तुटक तुटक बाहेर आलं. तडा आधीच दिसला होता. सांगितला असता तर शर्यत गेली असती आणि कानसेनांचं नावही. टाके धरतील असं वाटलं. धरले नाहीत, पाणी गळलं, इंजीन तापून जाम झालं. आणि वर घाटमाथ्यावर सगळे बघत होते.

डॉक्टरांनी चष्मा खाली ओढला. वाकून शिवणीवरून नख फिरवलं, रुग्णाचा दात तपासावा तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“तुम्हाला माहीत आहे, तो नंतर कसा झाला?” त्या इंजिनाकडेच बघत म्हणाल्या. “कपबशी दोन्ही हातांनी धरायचा. दार लावायचं तर कडी धरून, हळूच. स्वतःच्या मुलाला सायकल शिकवली नाही त्याने. म्हणायचा, माझ्या हातून वस्तू मोडतात. आम्ही हसायचो त्याला. सगळं घर हसायचं.”

वायरवालीने वडिलांकडे पाहिलं. ते मान खाली घालून उभे होते, पण जागचे हलले नव्हते.

“मला सांगून काय होणार?” डॉक्टर म्हणाल्या. “रविवारी वहिनीकडे चला. तिला सांगा.”

मग त्या गाडीत जाऊन बसल्या आणि वायरवालीला म्हणाल्या, “ये गं, दाखव.” कारखान्यांमागच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी पहिलं वळण बिचकत घेतलं, दुसरं जरा धीराने, आणि तिसरं असं घेतलं की वायरवालीचा खांदा दारावर आपटला. नाक रस्त्याला चिकटून राहिलं. परतताना डॉक्टरांचे डोळे ओले होते आणि त्या हसतही होत्या. “मोडत नाही गं,” त्या एवढंच म्हणाल्या.

रविवारी डॉक्टर कानसेनांना शेजारी बसवून निघाल्या. वायरवाली स्कूटरवर मागे होती. वहिनींचं घर बैठं होतं, दारापुढे पाच-सहा कुंड्या. सत्तरीच्या वहिनींनी दार उघडलं, गाडीकडे पाहून एक हात चौकटीला टेकवला, आणि सगळ्यांना आत घेतलं. त्यांनी खुर्ची पुढे केली. कानसेन बसले नाहीत.

उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. पुन्हा तीन आठवड्यांच्या ब्लॉकपासून सुरुवात झाली, पण या वेळी शेवट लवकर आला. सांगून झाल्यावर वहिनी उठल्या आणि आत गेल्या. पंखा फिरत होता. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होत्या. आता दाराकडे बोट दाखवतील, वायरवालीला वाटलं. दाखवलं तर वडिलांसोबत आपणही निघायचं, तिने ठरवलं.

वहिनी बाहेर आल्या त्या फोन कानाला लावून.

“हो, मीच. नाही, तब्येत बरी आहे. तुझ्याशी एकांना बोलायचंय. फोन ठेवायचा नाही, पूर्ण ऐकायचं.” त्यांनी फोन कानसेनांपुढे धरला. “माझा मुलगा. त्याला सायकल शेजाऱ्यांनी शिकवली.”

कानसेनांनी शर्टाला हात पुसून फोन घेतला. पलीकडून मोठ्या, अनोळखी आवाजात ‘हॅलो’ आलं, मग पुन्हा एकदा. वायरवाली पुन्हा त्या तीन आठवड्यांच्या सबबीची वाट बघत राहिली.

“तुझे वडील फार चांगली गाडी चालवायचे,” कानसेन म्हणाले. “त्या दिवशीसुद्धा. मी खोटं बोललो होतो.”

त्यांनी हाताने चाचपडत मागची खुर्ची शोधली आणि ते बसले.

“सांगतो,” ते म्हणाले. “काय विचारायचं ते विचार.”