देवकाबाईंच्या घरचे विरजण

मित्रांनो, मी एक जुने विरजण आहे. सौंसरला देवकाबाईंच्या घरी मातीच्या गाडग्यात माझा मुक्काम असे. मी एकटे नाही. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव मिळून मी बनते.

नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर मध्यप्रदेशात राहिले, त्याला तीन महिने झाले होते. फेब्रुवारीतला तो रविवार साधाच होता. देवकाबाईंची मुलगी रजनी पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवी आणि रविवारी घरी येई. देवकाबाई संत्री निवडत होत्या. हिरवी बुरशी चढलेली संत्री त्या बाजूला टाकत होत्या.

"आई, असल्याच एका बुरशीपासून पेनिसिलिन निघतं. जखम चिघळली की त्याची सुई देतात."

"सडक्या संत्र्याची सुई?" देवकाबाई हसल्या. "मंग मी तं लय दवा उकिरड्यात फेकून राहिली वं!"

"बरं झालं हे मास्तरीण झाली," शेजारच्या केसरबाई म्हणाल्या. "डॉक्टरीण होती तं आपल्याले बुरशीच चारली असती."

त्या उकिरड्यातही आमचीच भावकी राबते. साली, शेण, पाचोळा यांची आम्ही माती करतो. अंबाडी पाण्यात भिजत घातली की तिचा दोर वळायचा वाख देठापासून आम्हीच सोडवतो. कारखान्यांतल्या मोठ्या टाक्यांत आमच्याकडून औषध करून घेतात. आमच्या कामाला आवाज नसतो.

संध्याकाळच्या बसने जाताना रजनीने थोडे विरजण डब्यात नेले. केसरबाईंच्या घरी तर मी वर्षानुवर्षे होतेच. देवकाबाईंनीच दिले होते. असे मी तीन घरांत होते, म्हणून तिन्हीकडचे मला ठाऊक आहे.

सोमवारी संत्र्याच्या झाडाचा काटा देवकाबाईंच्या पायात मोडला. बुधवारी पाय सुजला, ताप चढला. त्या दवाखान्यात जायला तयार होईनात. "रजनीले येऊ दे. ते सांगन तसं करू," म्हणाल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. चौथी शिकलेल्या केसरबाईंनी कार्ड लिहिले आणि स्वतः जाऊन टपालपेटीत टाकले.

गुरुवारी दुपारी कार्ड पांढुर्ण्याला पोचले. रजनीने ते उभ्यानेच वाचले. पाय फार सुजला आहे, ताप आहे, तू ये. संध्याकाळची बस अजून सुटायची होती.

पण शुक्रवारी शाळेची तपासणी होती. पूर्वी नागपूरचे साहेब येत. आता प्रदेश नवा, साहेब नवे, हिंदी बोलणारे. मराठी शाळेतही विज्ञान चांगले शिकवतात, हे रजनीला दाखवायचे होते. तिने माझा एक थेंब काचेच्या पट्टीवर पसरला. साहेब सूक्ष्मदर्शकावर वाकले. "बहुत अच्छा," म्हणाले. माझे एवढे कौतुक कधीच झाले नव्हते.

मित्रांनो, दूध विरजणारे आम्ही आणि जखमेत शिरणारे ते, वाढतो सारखेच. एकाचे दोन, दोनाचे चार, पुन्हा दुप्पट. त्यांनाही आवाज नसतो. ते गुरुवारी रात्री थांबले नाहीत. शुक्रवारीही नाहीत.

तपासणी संपेपर्यंत शुक्रवारची बस सुटली होती. रजनी शनिवारी पोचली. तिने आईला नागपूरला नेले. सुई दिली गेली. एक दिवस आधी आणायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले. सोमवारी देवकाबाई गेल्या.

भेटायला येणारे विचारत, उशीर कसा झाला? "पत्र उशिरा मिळालं," रजनी सांगे. तेवढेच. ती रडली नाही. कोणी पाणी दिले तर पिई, नाही दिले तर मागत नसे.

केसरबाई ते ऐकत. घरी आल्या की दूध तापवत आणि विरजायचे विसरत. चुलीपुढे बसून स्वतःशीच बोलत, "काऊन जेवाले बसली मी? डाक निघून गेली असन तवर."

दहाव्या दिवशी सुतक फिटले. रीतीप्रमाणे घरातली मातीची भांडी बाहेर नेऊन फोडली. त्यात माझे गाडगेही गेले. रजनी दारात उभी होती. ठेवा, असे ती म्हणाली नाही.

आम्हाला जपायला फार लागत नाही, मित्रांनो. दूध कोमट असावे, भांडे धुतलेले असावे. जखम झाली तर तीही लगेच धुवावी, आणि सूज दिसली की दिवस मोजत बसू नये. आमच्यासारख्यांना एक दिवस फार मोठा असतो. माझे सांगणे एवढेच.

अकराव्या दिवशी सकाळी केसरबाई वाटीत दही घेऊन आल्या.

"तुह्या मायचंच विरजण हाय, पोरी. लाव."

रजनीने वाटी घेतली. केसरबाई गेल्या नाहीत. चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"रजनी, माह्यानं चुकलं वं. कार्ड लिवलं आन् म्हटलं, दोन घास खाऊन जातो. तेवढ्यात डाक गेली असन. मी तवाच उठली असती, तं तुले टायमावर भेटलं असतं. तुही माय माह्या त्या जेवणानं गेली."

रजनीने हातातली वाटी खाली ठेवली.

"काकू, तुमचं कार्ड वेळेवर आलं होतं," ती म्हणाली. "गुरुवारी दुपारी. मी वाचलं. संध्याकाळची बस होती. मी आले नाही."